टोमॅटो सोडला, दुखणं राहिलं

पावसाळा सरता सरता पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोच्या क्रेट्सचे ढीग लागतात. त्याच गावातून माझ्याकडे आमवाताच्या ज्या बायका येतात, त्यांतल्या कितीतरी जणींनी मात्र टोमॅटो कधीच बंद केलेला असतो. त्याच्या पाठोपाठ दही, ताक, चिंच, वांगं, बटाटा गेलेलं असतं. 'वातूळ' म्हणून तूर आणि हरभराही. काही नावं शेजारणीने सुचवलेली, काही मोबाइलवरच्या व्हिडिओने. ताटात उरते भाकरी, आणि दिवसभराचा चहा.

टोमॅटोने आमवात बळावतो याला भक्कम पुरावा नाही. एखादीला एखादा पदार्थ खरंच बाधत असेल, तर तो दोन-तीन आठवडे थांबवावा, मग पुन्हा खाऊन बघावा. सरसकट बंदी कशाला? डाळ सोडली की प्रथिनं जातात, स्नायू रोडावतात आणि सांध्यावरचा ताण वाढतो. युरिक अॅसिडचा रिपोर्ट पाहून डाळीला घाबरणारे पुरुष दारू आणि कलेजीबद्दल मात्र गप्प असतात!

आहाराने काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. नॉर्वेतल्या 1991 च्या एका प्रयोगात उपवासानंतर वर्षभर शाकाहार घेतलेल्या आमवाताच्या रुग्णांना आराम पडला होता. पण तो आखून दिलेला आहार होता, घाबरून रिकामं केलेलं ताट नव्हे. गुडघ्यांची झीज असेल तर वजनाकडे बघा: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

ज्याची चौकशी कुणी करत नाही, ते मन. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. त्या वेळी रक्तात वाढणारी टीएनएफ, आयएल-6 यांसारखी रसायनं मेंदूवरही परिणाम करतात. झोप, भूक, उमेद सगळं ढासळतं. शिवाय ऑक्टोबरच्या छाटणीत कात्री धरता येत नाही, पुढे द्राक्षाच्या विरळणीला हात वर राहत नाहीत, म्हणजे मजुरी बुडाली. निफाडच्या थंडीत सकाळी मूठ वळत नाही आणि भाकरी सुनेने थापायची. ही बाई 'मी उदास आहे' असं कधी म्हणत नाही. 'कशात जीव रमत नाही,' म्हणते, आणि घरचे म्हणतात, 'वयच झालंय.' अनेक अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये जो आढावा निघाला, त्यात आमवाताच्या साधारण सहा रुग्णांमागे एकाला तीव्र नैराश्य आढळलं होतं. पुण्याजवळच्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या पाहणीत दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला आमवात दिसला होता. म्हणजे गावोगावी अशी माणसं आहेत.

खचलेलं माणूस जेवण टाळतं, गोळ्या चुकवतं. आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तो वार चुकत गेला की सूज परत येते, झोप उडते आणि मन आणखी खाली जातं. म्हणून सांधे तपासताना मी झोपेचं आणि रडू येण्याचंही विचारतो. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. तिथे जायचं नाव काढलं की नवरा आधी चिडतो, हाही अनुभव आहे. ज्यांना आधी फोनवर बोलावंसं वाटतं, त्यांच्यासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या फाइलमध्ये एक साधा कागद ठेवा: आठवडाभरात काय खाल्लं, काय सोडलं आणि रात्री झोप किती लागली.