एका विमानाचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्याकडे देवालय, घाट, विहीर किंवा धर्मशाळा यांच्यापलीकडे फारसा जात नाहीं. बाँब टाकण्यासाठीं बांधलेल्या विमानाला तो लावलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल, कांहींस कदाचित् रागहि येईल. तथापि अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत विचिटा या शहरीं शेंकडों सामान्य माणसांनीं जें केलें, त्याला दुसरा योग्य शब्द आम्हांस सांपडत नाहीं. त्या शहरीं आमचा एक जुना विद्यार्थी अभियंता म्हणून नोकरीस आहे. त्याच्या पत्रांतून या प्रकरणाचा आम्हांस प्रथम सुगावा लागला. पुढें जें जें छापलेलें मिळालें तें तें आम्हीं वाचलें. आणि वाचतां वाचतां आमचें लक्ष विमानावरून उठून त्या माणसांच्या कारभारावर जाऊन बसलें.

हकीकत अशी. दुसऱ्या महायुद्धांत बोइंग कंपनीनें 'बी-२९ सुपरफोर्ट्रेस' या जातीचें प्रचंड विमान तयार केलें. पंखांच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत १४१ फूट रुंदी. इंजिनें चार, प्रत्येक २,२०० अश्वबलाचें. फार उंचावर श्वास कोंडूं नये म्हणून माणसांच्या कोठड्यांत हवेचा दाब राखलेला, आणि पुढच्या कोठडींतून मागच्या कोठडींत जाण्यासाठीं बाँबच्या कोठारावरून रांगत जाण्यापुरता एक बोगदा. एकट्या विचिटाच्या कारखान्यांत अशीं १,६४४ विमानें बांधलीं गेलीं, आणि त्या कामावर स्त्रियाहि मोठ्या संख्येनें होत्या. त्यांपैकीं एक विमान मार्च १९४५ मध्यें सैन्याच्या स्वाधीन झालें. लढाईवर जाण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें. १९५१ पासून रडार-यंत्रें पारखण्याच्या कामावर जो विमानांचा ताफा होता त्यांत तें दाखल झालें. हिमगौरी आणि सात बुटके ही पाश्चात्य बालकथा वाचकांच्या घरांतील मुलांना ठाऊक असेलच. तींतील बुटक्यांचीं नांवें त्या ताफ्याला देण्यांत आलीं, व आमच्या कथानायकाच्या वांट्यास 'डॉक' हें नांव आलें. १९५६ मध्यें मात्र त्याला कॅलिफोर्नियांतील मोहावी वाळवंटांत, चायना लेक येथें, नेमबाजीचें लक्ष्य म्हणून नेऊन ठेवलें. तेथें ४२ वर्षें तें उन्हांत उभें होतें. ज्यावर गोळे पडावयाचे तेंच वांचलें, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची.

१९८७ मध्यें टोनी मॅझोलिनी या गृहस्थाच्या दृष्टीस तें पडलें, आणि त्यानें तें सरकारापाशीं मागितलें. सरकारी दप्तराशीं ज्यांचा संबंध आला आहे त्या वाचकांस पुढची कथा सांगावयास नको. मागणी झाली, उत्तरें आलीं, उत्तरांचीं उत्तरें गेलीं. अखेर अट पडली ती अशी कीं, पेन्साकोला येथील नौदलाच्या विमानसंग्रहालयास बी-२५ जातीचें एक विमान दुरुस्त करून द्यावें व त्याच्या मोबदल्यांत हें न्यावें. या माणसानें व्हेनेझुएला देशांत तसें विमान धुंडून काढलें ! एक मोडकें विमान मिळविण्यासाठीं दुसरें मोडकें विमान शोधीत खंडभर हिंडणाऱ्या पुरुषाला त्याच्या घरची माणसें काय म्हणाली असतील, हें आम्हांस कोठें वाचावयास मिळालें नाहीं. १९९८ मध्यें 'डॉक' वाळवंटांतून हललें, आणि २००० मध्यें त्याचे भाग सुटे करून मालमोटारींवर लादून तें आपल्या माहेरीं, म्हणजे विचिटा येथें, परत आलें.

मग काम सुरू झालें. कामावर आलेले बहुतेक लोक निवृत्त कामगार होते. कोणीं उमेदींत अशाच विमानांचे सांधे जोडले होते, कोणीं वायुदलांत त्यांतून उड्डाण केलें होतें. कोणाला यांतलें कांहींच येत नव्हतें व शिकण्याची मात्र हौस होती. मोबदला कांहीं नाहीं. पत्र्याचा एक तुकडा बदलावयाचा तर जुने रिव्हेट एकेक करून काढावयाचे, काढलेल्या तुकड्यावरून नवा बेतावयाचा, आणि पुन्हां एकेक रिव्हेट ठोकावयाचा. एक बाहेरून ठोकणार, दुसरा आंतून आधार धरणार. दोघांचे हात जुळले नाहींत तर रिव्हेट वांकडा बसतो व पुन्हां काढावा लागतो. तारा, नळ्या, कांचा, चाकें यांची हीच कथा. इंजिनें तर मुळांतच तापट स्वभावाचीं. युद्धकाळीं हवेंत पेट घेण्याबद्दल त्यांची अपकीर्ति होती. म्हणून त्याच कुळांतील नंतरच्या इंजिनांचे भाग जुन्यांशीं जुळवून तीं नव्यानें बांधून घ्यावीं लागलीं.

येथें आमच्यांतील संस्कृतचा जुना विद्यार्थी जागा होतो. इतकें सारें बदलल्यावर तें विमान तेंच राहिलें काय ? अग्निपुराणांत जीर्णोद्धाराचा विधि सांगितला आहे. त्यांत भग्न झालेली मूर्ति ठेवूं नये, लांकडाची असल्यास अग्नीस द्यावी, पाषाणाची असल्यास जलांत सोडावी, आणि तिच्या जागीं त्याच मापाची व त्याच द्रव्याची नवी बसवावी, असा अभिप्राय आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या मतें जपावयाचें तें माप, द्रव्य व स्थान. जुना तुकडा जपण्याचा त्यांना मोह नव्हता. विचिटाच्या म्हाताऱ्यांनीं अग्निपुराण खचित वाचलेलें नाहीं. तरी मूळ नकाशे समोर ठेवून त्याच मापाचा तुकडा बेतण्याचा त्यांचा आग्रह पाहिला म्हणजे ते याच मताचे दिसतात. आमच्या घरांतील तांब्याच्या मोठ्या पातेल्यास आजवर किती वेळां कल्हई झाली व बुडाला किती ठिगळें लागलीं याची गणती नाहीं. पण तें आमच्या आजीचेंच पातेलें आहे, याविषयीं घरांत कोणालाहि शंका नाहीं.

हौसेचें हें काम पुढें कधीं वेगानें, कधीं अगदींच मंदगतीनें चाललें. पैसा कमी पडला. बोइंग कंपनीनें विचिटा येथील आपला कारभारच गुंडाळला. सोळा-सतरा वर्षांचीं पोरें असतां ज्यांनीं मूळ विमानें बांधलीं होतीं तीं माणसें थकूं लागलीं. आरंभशूरत्व ही केवळ आपल्याच लोकांची खोड आहे असें मानणाऱ्या आमच्या मित्रांनीं येथें क्षणभर थांबावें. माणसें प्रामाणिक होतीं, कुशल होतीं, आणि तरीहि विमान उभेंच होतें.

२०१३ मध्यें 'डॉक्स फ्रेंड्स' या नांवाची विनानफ्याची संस्था स्थापन झाली. स्पिरिट एरोसिस्टिम्स या विमानभाग बनविणाऱ्या कंपनीचे निवृत्त प्रमुख जेफ टर्नर यांनीं तिची धुरा घेतली. आमच्या मतें साऱ्या कथेंतील मर्माची जागा ती ही. ज्यानें विमान शोधलें, ज्यानें बारा वर्षें सरकारचे उंबरे झिजविले, त्याचा लोभ त्या विमानावर किती असेल ? तरीहि तें एका माणसाच्या लोभांतून एका मंडळाच्या हिशेबांत गेलें. पैसा कोणाकडून घ्यावयाचा, पावती कोणीं द्यावयाची, कोणतें काम कोणीं केलें व कोणीं तपासलें, विमा कोणाचा, सरकारी तपासनिसापुढें कागद कोणीं ठेवावयाचे, असल्या रुक्ष गोष्टींना त्या मंडळानें रिव्हेटाइतकाच मान दिला. २०१५ मध्यें तयार विमान कारखान्याबाहेर लोकांपुढें आणलें, त्याच वर्षीं जनतेकडून लहान लहान देणग्या मागून सव्वा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमविली, आणि ता. १७ जुलै १९१६ नव्हे, २०१६ रोजीं (जुन्या विमानांविषयीं लिहितांना लेखणी शंभर वर्षें मागें धांवते) तें साठ वर्षांनंतर पुन्हां आकाशांत गेलें. उड्डाण कांहीं मिनिटांचेंच होतें.

आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रांत विमानापेक्षां या कारभाराचेंच वर्णन अधिक असतें. तो शनिवारीं तेथें जातो. आरंभीं त्याच्याकडे काम आलें तें इंजिनांखालीं ठिबकणारें तेल पुसण्याचें. मग दाराशीं तिकिटें देण्याचें. आपली पदवी सांगण्याची संधि त्याला कित्येक महिने मिळाली नाहीं, आणि पुढें तिची आठवणहि राहिली नाहीं, असें तो लिहितो. एक पाना कपाटांतून घेतला तरी वहींत नोंद. परत ठेवला तरी नोंद. कारण विमानाच्या पोटांत विसरलेला पाना कोणाचा जीव घेईल याचा नेम नाहीं. एकानें केलेल्या कामावर दुसऱ्याची सही पडल्यावांचून तें काम झालें असें मानीत नाहींत, मग करणारा चाळीस वर्षांचा अनुभवी कां असेना.

पैशाचें म्हणाल तर असलें विमान म्हणजे दारांत झुलणारा हत्ती. तासाभराच्या उड्डाणास शेंकडों गॅलन पेट्रोल लागतें. म्हणून संस्था लोकांना भाडें घेऊन विमानांतून फिरवून आणते, गांवोगांव प्रदर्शनें करते, आणि २०१९ पासून विमानतळावर जी तिची स्वतःची प्रशस्त शाळा आहे (विमान ठेवण्याची शाळा, मुलें शिकवण्याचीहि व्यवस्था तींत आहे) ती समारंभांस भाड्यानेंहि देते. विमानाच्या पंखाखालीं पंक्ति उठतात हें ऐकून आमच्या मंडळींची फारच करमणूक झाली.

आतां ज्या आक्षेपाचा आरंभीं उल्लेख केला त्याकडे येऊं. तो आमच्याच घरांत निघाला. पत्र वाचून झाल्यावर सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, गंजून चाललें होतें, तें गंजूं कां दिलें नाहीं ?" प्रश्न सोपा नाहीं. ज्या महिन्यांत 'डॉक' सैन्याच्या हातीं आलें त्याच महिन्यांत, ता. ९ मार्च १९४५ च्या रात्रीं, त्याच्या भावंडांनीं टोकियोवर आग ओतली, आणि एका रात्रींत सुमारें एक लाख माणसें मेलीं. ऑगस्टांत हिरोशिमा व नागासाकी यांवर अणुबाँब टाकले तेहि याच जातीच्या विमानांतून. आपला भारतहि यापासून अगदींच अलिप्त नव्हता. १९४४ मध्यें हीं विमानें प्रथम लढाईवर निघालीं तीं बंगालांतील खरगपूर व आसपासच्या धांवपट्ट्यांवरून. हिमालय ओलांडून चीनमध्यें पेट्रोल व बाँब न्यावयाचे आणि तेथून जपान गांठावयाचें, असा तो द्राविडी प्राणायाम होता. हिजली येथील ज्या वास्तूंत इंग्रजांनीं आधीं राजबंदी डांबले होते तेथेंच या विमानदळाचें मुख्य ठाणें बसलें, आणि त्याच वास्तूंत १९५१ मध्यें आपली पहिली तंत्रज्ञान-संस्था सुरू झाली. आमचा हा विद्यार्थी तिचाच पदवीधर. चार वर्षें तो त्या जुन्या वास्तूवरून ये-जा करीत होता, पण तिचा आणि या विमानांचा संबंध त्याला कळला तो विचिटा येथें, तेल पुसतांना.

खंडेनवमीस आपण शस्त्रें पूजितों. त्या शस्त्रानें कोण मेलें हें पूजा करणारानें विसरावें, असें मात्र कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें आमच्या वाचनांत नाहीं. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयानें हिरोशिमावर गेलेलें विमान मांडतांना खालीं मेलेल्यांचीहि कथा सांगावयाचें योजिलें होतें. जुन्या सैनिकांच्या संघटनांनीं व विधिमंडळांतील सभासदांनीं गहजब केला, १९९५ मध्यें तो बेत सोडावा लागला, आणि संग्रहालयाच्या संचालकांस राजीनामा द्यावा लागला. यंत्र जपणें सोपें, त्याची सर्व हकीकत जपणें कठीण, हें सूनबाईंचें म्हणणें आम्हांस खोडतां आलें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, गंजून मातींत गेलेलें विमान कोणालाहि प्रश्न विचारीत नाहीं. त्या बोगद्यांतून रांगून बाहेर आलेला दहा वर्षांचा मुलगा, 'यांतून काय टाकीत असत?' असें निदान विचारतो. उत्तर देणारा काय सांगेल तो भाग निराळा. सूनबाई अजून आमच्या पक्षास आलेल्या नाहींत.

या लोकांपुढील खरी चिंता दुसरी आहे. इंग्लंडांत 'व्हल्कन' जातीचें एक बाँबफेकी विमान अशाच एका संस्थेनें २००७ मध्यें पुन्हां उडविलें. लोकांनीं त्याला देणग्या दिल्या, त्याला पाहण्यास गर्दी लोटली. पण २०१५ मध्यें त्याचें उड्डाण बंद झालें. ज्या कंपन्यांच्या जाणत्या माणसांच्या हमीवर तें उडत होतें त्यांनीं आपला हात काढून घेतला. पैसा आटला म्हणून विमान थांबतें हें सर्वांस समजतें. माहीतगार माणूस उरला नाहीं म्हणून थांबतें, हें उशिरां लक्षांत येतें. आज बी-२९ जातीचीं उडणारीं विमानें जगांत दोनच : हें, आणि टेक्ससमधील 'फिफी'. म्हणून विचिटा येथें हल्लीं प्रत्येक म्हाताऱ्यापाशीं एक तरुण बसवितात, आणि म्हातारा स्वतः काम न करतां त्याच्याकडून करवून घेतो. आमचा विद्यार्थी लिहितो कीं, हें म्हाताऱ्यांना फार जड जातें, हात शिवशिवतात.

हें वाचून आम्हांस आमच्या गांवच्या एका वाचनालयाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. तेथें पोथ्यांचीं तीन कपाटें आहेत. ज्यांनीं त्या घरोघर हिंडून जमविल्या, त्यांच्या निष्ठेस आमचा नमस्कार आहे. परंतु किल्ल्या त्यांच्या कंबरेस असत, यादी त्यांच्या स्मरणांत असे, आणि दोन्ही त्यांच्याबरोबर गेलीं. कुलपें फोडून कपाटें उघडलीं तेव्हां खालच्या दोन खणांत वाळवीनें माती केली होती. पुढें आलेल्या मंडळींनीं नवीं कुलपें आणलीं, आणि किल्ल्या पुन्हां एकाच्याच कंबरेस गेल्या. पुढील महिन्यांत त्या वाचनालयाची वार्षिक सभा आहे. आम्हीं सभेपुढें दोन सूचना लेखी पाठविल्या आहेत : किल्ल्यांचा दुसरा जुडगा करून तो तिशीच्या आंतील एखाद्या सभासदापाशीं द्यावा, आणि पोथी काढणारानें व ठेवणारानें वहींत सही करावी. पोंच आली आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.