घरचा तांब्या

दूध काढून झालं की माय आधी एक जर्मनचा तांब्या भरून घ्यायची आणि मग उरलेलं किटलीत ओतायची. तांब्या पाऊण लिटरचा, एका अंगानं चेपलेला, बुडाशी चुलीच्या धुरानं काळाठिक्कर झालेला. किटली डेअरीवर जायची, तांब्या चुलीवर. म्हशी दोन होत्या. त्यातली एक कर्जाची. तिचं दूध निघालं तरी आधी तांब्या आणि मग किटली, हा क्रम मायनं मोडला नाही.

अण्णांना हा तांब्या खुपायचा. माणूस हिशेबी. "रोजचं पाऊण लिटर, महिन्याचं साडेबावीस. तेवढ्यात व्याजाचा पैसा उभा राहतो," असं ते दुधाच्या पगाराच्या दिवशी हमखास ऐकवायचे. मायकडे उत्तर तयार असायचं, "लेकराच्या तोंडचं इकून कोणाचं देणं फिटलंय? आन उद्या तुमीच आजारी पडलात तर डाक्टर काय फॅट लावून पैशे घेणार हाय का?" अण्णा गप्प बसायचे. पण पटलं म्हणून नव्हे.

आमचं अंकुशनगर अंबड तालुक्यात, महाकाळ्याला खेटून, धुळे-सोलापूर रस्त्यालगत. गाव म्हणजे मुळात साखर कारखाना आणि त्याच्या आजूबाजूला वाढत गेलेली वस्ती. पुढे 1991 साली जालन्यातून लोकसभेवर गेलेले अंकुशराव टोपे यांनी समर्थ सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यांचंच नाव वस्तीला मिळालं. पैठणचं जायकवाडी धरण झालं, डावा कालवा आमच्या भागातून पुढे परभणीकडे गेला. कालव्यामागे ऊस आला, उसामागे कारखाना आणि या सगळ्यांच्या मागे सोसायटीचं पीककर्ज. उसावर कर्ज सहज मिळायचं, कारण वसुलीची काळजी नसायची. ऊस तुटला, गाडी काट्यावर वजन करून आली, पावती अण्णांच्या बंडीच्या खिशात पडली, की आमच्या लेखी ऊस पिकला. पण बिल निघायचं ते सोसायटीची कपात होऊनच. मुद्दल, व्याज, शेअर्सची रक्कम हे सगळं वजा होऊन खाली जो आकडा उरायचा तो आमचा. कधी कधी तो आकडा बघून अण्णा कागद उलटा करून पाहायचे, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल.

देणेकऱ्याची कपात आधी आणि घर उरल्यावर, ही रीत. मायनं एवढंच केलं की घराचीही कपात आधीच लावून टाकली. उरलं तर लेकरांना दूध, असा हिशेब तिनं मांडला असता तर आम्हाला दूध दिसलंच नसतं. कर्जाच्या घरात उरत काहीच नाही.

मार्च महिना आमच्याकडे उन्हाळ्यापेक्षा आधी तापायचा. 31 तारखेच्या आत 'नवं-जुनं' करायचं असतं. म्हणजे जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं, की खातं थकीत होत नाही. आता तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजच लागत नाही, त्यामुळे त्या तारखेला आणखीच किंमत आली आहे. पण भरायला हातात पैसा लागतो. तो आठ-दहा दिवसांसाठी कुणाकडून तरी शेकडा दोन-तीननं आणायचा, बँकेत भरायचा, नवं कर्ज निघालं की आणून द्यायचा. नवं निघायला उशीर झाला की आठाचे चाळीस दिवस होतात. सरकारी कागदावर माणूस नियमित कर्जदार असतो आणि गावात कुणाला तरी तोंड चुकवत हिंडत असतो.

अण्णा तसे हिंडायचे. चौफुलीवरच्या ज्या हॉटेलात ते वर्षभर बसायचे तिथंच पैसे देणारा बसायचा. मार्चनंतर अण्णा कालव्याच्या भरावावरून लांबच्या वाटेनं घरी यायचे. लग्नाच्या पत्रिका देवळीत पडून राहायच्या. मामाच्या गावची जत्रा त्यांनी सलग सोडली, कारण तिथंही एक हातउसना होता. कर्जानं खिसा रिकामा होतो ते दिसतं. माणसाची बसण्याची जागा जाते ते कुणी मोजत नाही, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथंच होतं. माय तांब्यातलं दूध आम्हाला वाढायची, पण त्यातलाच चहा करून शेजारच्या दोघा-तिघांना मुद्दाम ओट्यावर बोलवायची. माणूस हॉटेलात जात नाही तर हॉटेल घरी आणू, असा तिचा हिशेब असावा. तिनं तो बोलून कधी दाखवला नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीची माणसं यायची. बहुतेक बीडकडची. कारखान्याच्या आसपासच्या मोकळ्या रानात पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या पडायच्या. सांजेला बायका वाढ्याच्या पेंढ्या घेऊन आमच्या दारात यायच्या. म्हशीला वाढं, त्यांच्या लेकरांना दूध, असा व्यवहार. ते दूधही तांब्यातलंच. किटलीला मायनं त्यासाठी हात लावला नाही, कारण किटली अण्णांची होती. पाटोद्याकडची एक बाई चार-पाच हंगाम आमच्याकडेच येत राहिली. एकदा ती आली तेव्हा अंगात ताप फणफणत होता. माय म्हणाली, "उद्या नगं जाऊ तोडीला." ती हसली. "खाडा पडंल ना वहिनी."

नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून कोयत्याच्या नावावर उचल घ्यायची आणि तोडून ती फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो. फिटलं नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. आजारपणाला या हिशेबात घरच नाही. पाळी आली तरी पहाटे फडात, बाळंतपण झालं तरी काही दिवसांत मोळी डोक्यावर. याचं टोक राज्याला 2019 साली दिसलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. 82 हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक होती, त्यात डॉक्टरांची हावही होती. पण मला मात्र तो दारात उभा राहून हसत म्हटलेला खाड्याचा शब्दच आठवला. फेडणारं अंगच मोडीत काढून फेडायचं, असा हा धंदा.

2012 च्या पावसाळ्यानं दगा दिला. कालव्याला पाणी नाही, ऊस वाळून गेला. आमची थोडी मोसंबीची बाग होती. मोसंबीला आंबे बहार धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडून बाग ताणावर सोडतात. जमीन हलकी असेल तर थोडे दिवस, भारी असेल तर जास्त. पानं पिवळी पडून थोडी गळाली की जाणता माणूस ओळखतो, आता पुरे, आणि पाणी सोडतो. मग झाड फुलतं. ताण लांबला तर मात्र झाड फुलत नाही, वरून खाली वाळत येतं. त्या साली जालना जिल्ह्यात पाणी सोडायची वेळ आली तेव्हा सोडायला पाणीच नव्हतं. हजारो एकर बागा सरपणाला गेल्या. आमची बाग तोडायला अण्णांनी माणसं लावली आणि स्वतः दिवसभर ओट्यावर बसून राहिले. बागेसारखाच त्यांचाही ताण लांबला होता, आणि पाणी सोडणारं कुणी नव्हतं.

कर्जाची म्हैस आधीच विकली होती, दुसरी चारा छावणीत नेऊन बांधली. ती आटली. घरात दूध नाही असं तेव्हा पहिल्यांदा झालं. मायनं काय केलं, तर तांब्या घेऊन वस्तीवरच्या एका घरी गेली आणि पाव लिटर विकतचं आणलं. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. मला तेच जास्त टोचलं. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

2015 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला. आशाताई घरोघर प्रश्न विचारत फिरल्या. आमच्याकडे एक आली तेव्हा मी घरी होतो.

"काका, झोप लागते का?"

"लागते की."

"जेवण जातं का?"

"जातं."

"कशातच मन लागत नाही, असं होतं का?"

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जरा वेळानं म्हणाले, "ताई, तुमचं मानधन येळेवर येतं का?" आशाताई फिस्सकन हसली, माय हसली, अण्णाही हसले. ती उठून गेल्यावर मात्र मायला म्हणाले, "दोन वाजल्यापून जागाच असतो मी. तिला सांगितलं न्हाई." दुसऱ्या दिवशी मायनं त्यांना अंबडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रक्तदाब निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि एका भल्या डॉक्टरनं बसवून घेऊन बोलतं केलं. कर्ज त्यानं एक रुपयानं कमी झालं नाही. पण ते बाहेर बोलून झालं, आणि कालव्याची लांबची वाट हळूहळू सुटली. आजही असं कुणी जागं असेल तर 14416 हा टेलिमानसचा फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. अण्णांच्या वेळी तो नव्हता.

कर्जमाफ्या आम्ही सगळ्या पाहिल्या. 2008 ची केंद्राची, 2017 ची दीड लाखांपर्यंतची, 2019 ची दोन लाखांपर्यंतची. काही मिळाली, काही निकषात अडकली. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला की हायसं वाटतं, यात वाद नाही. हातउसन्याची माफी मात्र कुठल्या यादीत नसते.

आता देणं माझं आहे. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णा एका खासगी रुग्णालयात तीन आठवडे होते. वाचले. बिल भागवायला एक बँकेचं आणि एक पतसंस्थेचं, अशी दोन कर्जं उचलली. मी शाळेत कारकून, पगार ठरलेला. घरी आलो त्या रात्री बायकोनं वही काढली आणि पहिल्या ओळीत लिहिलं : दूध. दुसरीत अण्णांच्या गोळ्या. तिसऱ्या ओळीवर आमचं जुंपलं. तिनं लिहिलं होतं, 'लेकीचं गॅदरिंग, लग्नकार्य, जाणंयेणं.' मी म्हणालो, हप्ता फिटेस्तोवर हे खोडू. ती म्हणाली, "तुमच्या अण्णांनी खोडलं होतं ना? मग काय झालं?" ओळ राहिली. हप्ते चौथ्या-पाचव्या ओळीत आले आणि वर्ष-दीड वर्ष जास्त चालणार हे दोघांनीही मान्य केलं.

वसुलीचे फोन आले ते मी घरात सगळ्यांसमोर उचलले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा दंडक आहे. तो मी एकाला शांतपणे ऐकवला, तेव्हा पलीकडचा पोरगा म्हणाला, "सर, मलाही टार्गेट आहे हो." त्याच्यावरही कुठलं तरी कर्ज असणार. पतसंस्थेचा माणूस चौफुलीवरच्या हॉटेलात बसतो. मी मुद्दाम त्याच्याच टेबलावर जाऊन बसतो. चहाचे पैसे कधी तो देतो, कधी मी.

यंदा पगाराच्या फरकाची थोडी रक्कम हातात आली आहे. अण्णा म्हणतात, सगळी कर्जात भर आणि मोकळा हो. बायको म्हणते, निम्मी भरा आणि निम्म्यात लेकीला चार दिवस समुद्र दाखवून आणू, तिनं गोदावरीपलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नाही. मायला विचारलं तर ती म्हणाली, समुद्र तिनंही पाहिलेला नाही. मी तिघांकडेही दिवाळीपर्यंत मुदत मागितली आहे.