एक अकरा, दोन बावीस, तीन तेहतीस

सात मिनिटं सहा सेकंद. गेले तीन महिने माझं आयुष्य या आकड्याभोवती फिरतंय. एकवेळ ईएमआयची तारीख विसरेन, पण हा आकडा नाही. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत फुल मॅरेथॉन धावायची आणि पाच तासांच्या आत संपवायची, असा आपला साधा प्लॅन. पाच तासांना ४२.१९५ किलोमीटरने भागा, एका किलोमीटरच्या वाट्याला येतात ७:०६. आता गंमत बघा. या वेगाने १० किलोमीटर होतात १ तास ११ मिनिटांत, २० होतात २:२२ ला, ३० होतात ३:३३ ला आणि ४० बरोब्बर ४:४४ ला. इतका सोपा पाढा शाळेतही कुणी दिला नव्हता! उरलेल्या दोन-सव्वादोन किलोमीटरला साडेपंधरा मिनिटं. घड्याळ थांबणार ४:५९:३५ वर. हातात शिल्लक? फक्त पंचवीस सेकंद.

पाढा पाठ करणं सोपं, पायांना शिकवणं महाकठीण. त्यासाठी आठवडा असा बांधलाय. सोमवारी पूर्ण आराम, कारण तसाही सोमवार ऑफिसच्याच नावाने लिहिलेला असतो. मंगळवारी गोल्फ क्लब मैदानावर ८ किलोमीटर, गप्पा मारता येतील अशा वेगाने. बुधवारी घरीच स्क्वॅट्स, प्लँक वगैरे. गुरुवारी पेसची प्रॅक्टिस. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी हलके ५ किलोमीटर. आणि रविवारी लाँग रन. पहाटे पाचला गंगापूर रोडने निघायचं, आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकत धरणाच्या दिशेने जायचं आणि तसंच परत. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास असतो, तोंडातून वाफा निघतात आणि रस्ता आपल्या बापाचा असतो! आल्यावर मिसळ. तिच्यावरच्या तर्रीचा हिशोब कुणीही ठेवत नाही.

लाँग रनमध्ये ७:०६ चा हट्ट नसतो. तिथे पावणेआठ-आठ मिनिटांचा निवांत वेग, कारण काम असतं पायांना तास मोजायची सवय लावण्याचं. फक्त महिन्यातून एकदा २८ किलोमीटरपैकी शेवटचे १० ठरलेल्या पेसने. पाय दमलेले असताना तोच वेग धरता येतो का, याची ती परीक्षा.

खरी मजा गुरुवारची. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मी घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवते आणि न बघता एक किलोमीटर धावते. मग अंदाज करायचा, किती झाले? आणि मगच बघायचं. सुरुवातीला अंदाज वीस-वीस सेकंदांनी हुकायचा. आता तीन-चार सेकंदांवर आलाय. फंडा साधा आहे. घड्याळ वेग दाखवतं, पण तो कळावा लागतो श्वासाला. ७:०६ ला मी एक पूर्ण वाक्य सलग बोलू शकते. दोन शब्दांनंतर धाप लागली तर समजायचं, गाडी पुढे पळतेय.

आणि गाडी पुढेच पळते. पहिले दहा किलोमीटर ७:०६ इतकं सोपं वाटतं की आपण उगाच रांगतोय असं वाटावं. आजूबाजूने लोक सुसाट जात असतात. तिथे स्वतःला धरून ठेवणं हाच मॅरेथॉनचा सर्वांत अवघड व्यायाम. कारण शरीराचा हिशोब कडक आहे. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनचा साठा मर्यादित असतो. जितकं जोरात धावाल तितका तो भरभर संपतो. तो संपला की तिसाव्या किलोमीटरनंतर कुठेतरी धावणारे ज्याला ‘वॉल’ म्हणतात ती समोर उभी. सुरुवातीला वाचवलेलं एक मिनिट तिथे दहा मिनिटांचं व्याज लावून वसूल होतं.

हे आपल्यासारख्या हौशा-नवशांपुरतंच नाही. २०२३ मध्ये शिकागोला केनियाच्या केल्व्हिन किप्टमने २:००:३५ चा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्याची पहिली अर्धी शर्यत होती ६०:४८ ची आणि दुसरी ५९:४७ ची. म्हणजे विक्रम करणारासुद्धा आधी हात राखून धावला.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. सावरपाड्याच्या कविता राऊतने फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं, वेळ २:३८:३८. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिकला तिची वेळ होती २:५९:२९. धावपटू तीच, वर्ष तेच, फरक जवळपास २१ मिनिटांचा. पेस हा नुसत्या पायांचा नसतो, त्या दिवसाचाही असतो. म्हणून माझा प्लॅन बी तयार आहे. नाशिकची थंडी मुंबईत मिळणार नाही. दमट हवेत श्वासाने नाही म्हटलं, तर सव्वासातवर यायचं, पाढा सोडून द्यायचा.

हे सगळं इतकं मनावर का घेतलंय? दादामुळे. म्हणजे सख्खा भाऊ नाही, आमच्या ग्रुपमधला सिनियर, सगळे त्याला दादाच म्हणतात. मला धावायला त्यानेच लावलं. दोन वर्षांपूर्वी मुंबईत त्याने हाफचं अंतर २ तास १० मिनिटांत काढलं, ठरवलेल्या वेळेच्या तब्बल वीस मिनिटं आधी. बत्तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले आणि उरलेलं अंतर चालत. मेडल मिळालं, पण बूट माळ्यावर गेले. पाय आठवड्यात बरे झाले. ‘चल की रविवारी,’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘बघू गं.’

मला भीती आहे ती याची. पाच तासांना दोन-चार मिनिटं कमी-जास्त झाली तर बिघडत नाही. धावण्यावरचं प्रेम बत्तिसाव्या किलोमीटरवर सोडून घरी यायचं नाहीये. ऑफिसात आपण कायम शेवटच्या दोन दिवसांत महिन्याचं काम रेटतो, मग दोन दिवस आडवे. मला पन्नाशीतही गंगापूर रोडवर दिसायचंय. ते असल्या रेटण्यातून जमणार नाही.

तर ताजी खबर. महिनाभरापासून दादा शनिवारच्या हलक्या पाचला येतोय. ‘हळू जाणार असाल तर येतो,’ एवढीच अट. गेल्या शनिवारी त्याने माझा पाढ्याचा कागद मागितला. ‘अगं, हा हाफला चालेल का?’

चालतो की! ७:०६ ने हाफ होते अडीच तासांना बारा सेकंद कमी असताना. कागदाच्या तळाशी तेही लिहून दिलंय.