कोयनेच्या काठाने सायकलवरून

कराडच्या प्रीतिसंगमावर सकाळच्या वेळी उभे राहिले की पहिलीच गंमत दिसते. एरवी एक नदी दुसरीला बाजूने येऊन मिळते. इथे मात्र कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येतात, एकमेकींना भेटतात आणि वळून एकत्र पूर्वेकडे निघून जातात. दोघींचा उगम महाबळेश्वरचा. एकाच माहेराहून वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या बहिणींची ही गळाभेटच! काठावर महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. फिरायला आलेली कराडकर मंडळी तिथे घटकाभर टेकतात.

याच संगमापासून सायकल काढायची आणि कोयनेच्या खोऱ्यातून उलट दिशेला, म्हणजे पश्चिमेकडे निघायचे. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करत सह्याद्रीचा माथा गाठायचा आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात पोहोचायचे. अंतर सुमारे १०० किलोमीटर. एसटीने हा प्रवास काही तासांत उरकतो; सायकलवर मात्र तीन दिवस काढावेत. कारण या वाटेवर पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट मोटारीच्या खिडकीतून दिसतच नाही. ती म्हणजे जमिनीचा उतार. तो डोळ्यांपेक्षा पायांना आधी कळतो.

पहिला दिवस : उसाच्या मळ्यांतून

कराड ते पाटण हे साधारण ४० किलोमीटरचे अंतर नवख्या सायकलस्वारालाही झेपण्यासारखे आहे. सह्याद्रीकडे निघालो म्हणजे सारखा चढच लागणार, असा अनेकांचा समज असतो. इथे तो खोटा ठरतो. कराडच मुळी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि पुढचा रस्ता नदीच्या खोऱ्यातून जातो. लहानसहान चढउतार सोडले तर पायांना फारसे कष्ट पडत नाहीत. नदी कधी जवळ येते, कधी उसाच्या फडांआड लपते. साखर कारखान्याच्या हंगामात ऊस लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागलेली असते. त्यांना सांभाळून, डाव्या कडेने आणि एकामागे एक चालावे.

मल्हारपेठ मागे पडले की खोरे अरुंद होऊ लागते. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ सरकतात, उसाच्या जोडीला भाताची खाचरे दिसू लागतात. पाटणला केरा नदी कोयनेला मिळते. तालुक्याचे गाव असल्यामुळे इथे बाजार, खाणावळी आणि सायकलची किरकोळ दुरुस्ती या सोयी होतात. याच तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांचे मोठे जाळे उभे आहे. वाऱ्यापासून वीज आणि पुढे पाण्यापासून वीज. या खोऱ्याची ओळखच जणू विजेशी जोडली गेली आहे.

दुसरा दिवस : धरण, जंगल आणि आठवणी

पाटण ते कोयनानगर अंतर जेमतेम २० ते २२ किलोमीटर. पण एवढ्याच अंतरात सृष्टी बदलते. कराडकडे पाऊस बेताचा, तर कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास! त्यामुळे हिरवा रंग गडद होत जातो. ऐन, हिरडा, जांभूळ, अंजनी यांची दाटी वाढते. हवेत गारवा येतो.

महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र महाबळेश्वरहून निघाल्यावर डोंगररांगेला समांतर अशी दक्षिणेकडे बरीच वाहत येते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. या वळणाच्या थोडे वर धरण बांधण्यात आले. १०३ मीटर उंचीची आणि ८०० मीटरहून अधिक लांबीची ही भिंत १९६० च्या दशकात पुरी झाली. मागे पसरलेल्या जलाशयाचे नाव शिवसागर. धरण आणि वीजगृहाच्या परिसरात परवानगीशिवाय जाता येत नाही. पण नेहरूंच्या नावाने केलेल्या उद्यानातून भिंतीचे दर्शन चांगले घडते.

दुपारचे जेवण उरकून नवजा गावाकडे सायकल वळवावी. तिथल्या जंगलात ओझर्डे धबधबा आहे. येऊनजाऊन साधारण २० किलोमीटरची ही फेरी झाडीतून जाते. १९८५ मध्ये कोयनेच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. गवे, सांबर, भेकर, शेकरू यांचे हे घर. म्हणून वनखात्याच्या फाटकापुढे परवानगीनेच जावे, आवाज करू नये आणि अंधार पडण्याआधी मुक्कामी परतावे. सायकलचा आवाज होत नाही, ही इथे मोठी सोय आहे. धनेशाच्या पंखांची फडफड मोटारवाल्यांना कुठली ऐकू यायला!

कोयनानगरच्या संध्याकाळी वडीलधाऱ्या माणसांशी गप्पा मारल्या तर विषय हमखास एका पहाटेवर येतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे या परिसराला भूकंपाचा जबरदस्त धक्का बसला. सुमारे १८० माणसे दगावली, घरे जमीनदोस्त झाली. भिंतीला तडे गेले, पण धरण टिकले. पुढे ते अधिक मजबूत करण्यात आले. मोठ्या जलाशयाचा भूकंपाशी असलेला संबंध तपासण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ या खोऱ्याचा अभ्यास करत आले आहेत. कराडजवळ हजारमाची येथे त्यासाठी खास संशोधन केंद्र आहे आणि गोठणे येथे जमिनीत ३ किलोमीटर खोल विवर घेण्यात आले आहे.

दुसरी आठवण पाण्याखालची आहे. जलाशयात अनेक गावे बुडाली. तिथली माणसे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा लांबलांबच्या जिल्ह्यांत विखुरली गेली. डोंगरउतारावर भात आणि नाचणी पिकवणाऱ्यांना अनोळखी मुलखात नव्याने संसार मांडावा लागला. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी त्यांना पुढे कित्येक दशके आंदोलने करावी लागली. शिवसागराच्या निळ्याशार पाण्याकडे पाहताना याचा विसर पडू नये.

तिसरा दिवस : घाटाची उतरण

कोयनानगरहून सकाळी निघाले की थोड्याच वेळात घाटमाथा येतो. दोन दिवस सपाटीवर चाललेला रस्ता इथे एकाएकी संपल्यासारखा वाटतो. समोर कोकण खोल पसरलेले असते. खाली पोफळीपर्यंत दहा-बारा किलोमीटर नुसती वळणे आणि उतरण. सुमारे पाचशे मीटरची उंची इथे हातची जाते.

हीच ती उतारावरची गंमत. ज्या उतरणीवर सायकलचे ब्रेक तापतात, त्याच उतरणीवर कोयनेची वीज तयार होते. पूर्वेकडे वाहणारे पाणी धरणाने अडवले, बोगद्यांतून डोंगराच्या पश्चिम अंगाला आणले आणि खाली सोडले. पोफळीला डोंगराच्या पोटात वीजगृह आहे. तिथून निघालेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा वापरले जाते. सर्व टप्पे मिळून या प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. शाळेच्या पुस्तकात वाचलेला हा धडा घाट उतरताना बोटांना आणि मनगटांना पटतो. बरोबर मुले असतील तर त्यांना घाटमाथ्यावर थांबवून तो जरूर समजावून सांगावा.

मात्र या उतरणीवर फाजील धाडस नको. ब्रेक सलग दाबून धरले तर चाकाची रिम तापते आणि ट्यूब फुटण्याची भीती असते. ब्रेक थोडा दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. दर दोन-तीन किलोमीटरला सुरक्षित जागी थांबून चाके निवू द्यावीत. मालमोटारींच्या मागे लागू नये आणि वळणावर त्यांना ओलांडू तर मुळीच नये. लहान मुलांनी घाटात सायकल चालवू नये. त्यांना मोठ्या माणसासोबत गाडीने पुढे पाठवावे.

पोफळीनंतर अलोरे, शिरगाव ही गावे येतात. हवा दमट होते, आंबा, काजू, नारळ दिसू लागतात, बोलण्याचा हेलही बदलतो. चिपळूणला वाशिष्ठी भेटते. जुलै २०२१ च्या पुरात या शहराचे अतोनात हाल झाले होते.

केव्हा व कसे जावे?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. भर पावसात हा प्रवास टाळावा. त्याच २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव या गावांवर दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली होती. पुणे–मिरज मार्गावर कराड आणि कोकण रेल्वेवर चिपळूण अशी दोन्ही टोकांना स्टेशने आहेत. सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेकव्हॅनमधून नेता येते. कोयनानगरला राज्य पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. आरक्षण आधीच करावे. निघण्यापूर्वी रस्त्याच्या कामांची आणि घाटातल्या खड्ड्यांची चौकशी करावी.

गिअरची सायकल असेल तर उत्तम. साधीही चालते, पण ब्रेकची रबरे आणि तारा नव्या हव्यात. जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य, हेल्मेट, मागचा लाल दिवा, पाणी, गूळ-शेंगदाणे एवढे बरोबर असले की पुरे.

चिपळूणला पोहोचल्यावर संध्याकाळी वाशिष्ठीच्या काठी जरूर जावे. समोरच्या पाण्यात कोयनेचेही पाणी आहे. कराडच्या संगमावर पाहिलेले पाणी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळेल, तर हे दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला. एकाच नदीच्या दोन वाटा सायकलस्वाराने तीन दिवसांत पाहिलेल्या असतात. घरी परतल्यावर दिव्याचे बटण दाबताना त्याला तो घाट आठवेल आणि शिवसागराच्या तळाशी राहिलेली गावेही.