वल्ह्याचं पातं

पुणे, 3 मे

चि. सानिकास,


परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "मावशी, तुझ्या भिंतीवर ते लाकूड कसलं? आणि त्यावर 'पुणे 1986' का लिहिलंय?" तेवढ्यात बेल वाजली आणि उत्तर राहिलं. आता तू जुलैत मैत्रिणींबरोबर मिनेसोटातल्या बाउंड्री वॉटर्सच्या रानात निघालीच आहेस, तर नीट लिहूनच कळवते.

ते कॅनूच्या वल्ह्याचं पातं आहे. आम्ही मिनेसोटात होतो तेव्हा तुझे काका, त्यांच्या प्रयोगशाळेतला एक सहकारी आणि मी जूनमध्ये त्याच रानात मूस लेकवरून निघालो. भाड्याची ॲल्युमिनियमची कॅनू, तिघांत एक. एक तलाव संपला की ती डोक्यावर उलटी घ्यायची आणि पुढच्या तलावापर्यंत चालायचं. त्या वाटांना पोर्टेज म्हणतात आणि त्यांची लांबी अजून रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कॅनूएवढा. बर्च लेकच्या अलीकडे खडकावर रेटा देताना सहकाऱ्याचं वल्हं मोडलं. जादा वल्हं जवळ होतंच. पण त्याने मोडकं पातं टाकू दिलं नाही. म्हणाला, "हे डोरोथीच्या कुंपणाला."

डोरोथी मोल्टर ही शिकागोत वाढलेली परिचारिका. 1930 साली घरच्यांबरोबर मासेमारीला म्हणून नाइफ लेकवर आली आणि पुढे तिथलीच झाली. आइल ऑफ पाइन्स नावाच्या बेटावर बिल बर्गलुंडचा छोटा रिसॉर्ट होता. 1948 मध्ये वारताना तो तिच्या नावे करून गेला. सर्वांत जवळचा रस्ता पंधराएक मैलांवर. सामानसुमान विमानाने यायचं, पण 1949 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या रानावरून कमी उंचीवर विमानं उडवायला बंदी केली, आणि बाटलीबंद सोडा येणं थांबलं. मग बाई घरीच रूट बिअर बनवू लागली. नावात बिअर असली तरी दारू नव्हे हो, आईला सांग. हिवाळ्यात तलावाचा बर्फ कापून साठवायचा आणि उन्हाळ्यात त्यावर बाटल्या गार करून दमूनभागून आलेल्या वल्हेकऱ्यांना द्यायच्या. लोक आपली मोडकी वल्ही तिला आणून देत. त्यांवर नावं, गावं, सालं. तिने त्यांचं कुंपण केलं होतं. त्यात एक पातं पुण्याचं असावं म्हणून मी मार्करने देवनागरीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी नाइफ लेक गाठायचा होता. मुक्काम कार्प लेकवर. पहाटे पाऊस सुरू झाला. आपला मृगाचा नव्हे गं, ज्यात भिजावंसं वाटतं. हा बारीक, तिरका आणि बर्फासारखा गार. जूनमध्येही श्वासाची वाफ दिसत होती. पाठोपाठ विजा. विजा चमकत असताना ॲल्युमिनियमच्या कॅनूत बसून मोकळ्या पाण्यात जायचं नसतं, त्यामुळे निघण्याचा प्रश्नच मिटला. दोन पाइनच्या मध्ये ताडपत्री बांधून तिघं खाली बसलो. मधोमध पाण्याचा फुगा साचायचा, काका काठीने वर ढोसायचे आणि तो नेमका सहकाऱ्याच्या मानेवर सांडायचा. पहिल्यांदा हसू आलं, पुढे पुढे कुणी हसेना. ओलं लाकूड धुमसत होतं. पावसात डास तरी नसतील, ही माझी समजूतही तासाभरात गेली.

गडगडाट थांबून बराच वेळ झाला तेव्हा सहकारी गळ घेऊन खडकावर गेला. त्याला ठाऊक होतं, वॉलाय पकडायला असलीच हवा. या माशाच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात दिसतं आणि लख्ख ऊन नकोसं होतं. ढग, पाऊस, पाण्यावर हलकी लाट, की तो भरदिवसा खायला निघतो. गळाला जिवंत जळू लावायची. ते काम मी केलं नाही. पण मासे साफ केले, हळद-तिखट-मीठ चोळलं आणि रव्यात घोळून लोखंडी तव्यावर तळले. सहकाऱ्याने आधी शंकेने पाहिलं आणि मग तवा पुसून खाल्ला.

पाऊस मात्र संध्याकाळपर्यंत हटला नाही. दुसऱ्या सकाळी परतणं भाग होतं. काकांची रजा संपत होती. पुढच्या उन्हाळ्यात देऊ म्हणून पातं बॅगेत टाकलं. डिसेंबर 1986 मध्ये डोरोथी गेली, एकोणऐंशी वर्षांची. म्हणून ते आपल्या भिंतीवर आहे.

तिच्या राहण्यावरूनच केवढा वाद झाला होता. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याप्रमाणे माणूस अशा रानात पाहुणा, रहिवासी नव्हे. सरकारने तिची जागा घेतली आणि तिला जायला सांगितलं, तेव्हा लोकांनी एवढा आवाज उठवला की तिला मरेपर्यंत राहू द्यावं लागलं. बहुतेक मोटरबोटी आणि विमानं हटवली हे मला पटतं. ती शांतता तू ऐकशीलच. पण 'निर्मनुष्य रान' म्हणतात तेव्हा मी अडखळते. तिथे ओजिब्वे लोक कितीतरी आधीपासून कॅनू वल्हवत होते, आणि 1854 च्या करारात त्यांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवलाय. त्यांच्यासाठी असा आवाज किती जणांनी उठवला? आपल्या मेळघाटातून गावं हलवली तेव्हाही मला हाच प्रश्न पडला होता.

डोरोथीची लाकडी घरं नंतर इली गावात हलवून तिथे संग्रहालय केलं आहे. जाता-येता बघ. पातं तिकडे पाठवू का, असं तू विचारशील. नाही पाठवणार. काकांना ते भिंतीवर हवं असतं.

आता कामाचं. प्रवेशाचा परवाना आणि मासेमारीचा परवाना वेगवेगळे असतात, दोन्ही घे. नाइफ लेकच्या मधून कॅनडाची हद्द जाते, तेव्हा गळ टाकताना नकाशा बघ. सुती कपडे अजिबात नेऊ नकोस, भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब शोषून घेतात. लोकरीचे मोजे ने. खाण्याची पिशवी रात्री झाडाला उंच टांग, अस्वलं असतात. आईबरोबर मालवणी मसाला पाठवतेय. रवा तिकडे मिळतो, जाडा घे, बारीक नको.

तुझी,
मावशी