मी आळशी नव्हते

दुपारची भांडी घासून झाली की मी स्वयंपाकघरातच ओट्याला पाठ टेकून बसायचे. पाच मिनिटं म्हणून बसायचं आणि अर्धा तास निघून जायचा. उठू म्हटलं तरी पाय उचलत नसत.

वर्ष-दीड वर्ष हे असंच चाललं होतं. आम्ही जालन्याला, एमआयडीसीच्या अंगाला राहतो. हे एका रोलिंग मिलमध्ये आहेत. भंगार वितळवून सळया काढायचं काम, पाळ्या बदलत्या. ह्यांची रात्रपाळी असली की माझी झोप तुकड्यातुकड्यांची, आणि नळाला पाणी यायचं त्या दिवशी तर वेळेचा पत्ताच नाही. त्यामुळे मलाही वाटे, एवढं करून माणूस दमणारच. ह्यांचं दमणं घामानं भिजलेल्या सदऱ्यावर दिसतं. माझं कुठे दिसणार? सासूबाई एकदा शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून बसली की बसली." मी आतून ऐकलं. राग आला, आणि खोटं कशाला सांगू, थोडं पटलंही.

उपाय केले नाहीत असं नाही. एका दवाखान्यात जाऊन तीनदा सलाइन लावून घेतलं, ताकदीची इंजेक्शनं घेतली. दोन दिवस हुशारी वाटायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रक्त तपासा असं तिथे कुणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

आणखी एक खोड लागली होती. तांदूळ निवडायला बसले की मूठमूठ कच्चे तांदूळ खायचे. चोरून. सासूबाईंनी पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "जंत झालेत गं तुला."

शेवटी जिना चढताना धाप लागून मध्येच बसायची वेळ आली, तेव्हा सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, "तांदूळ, खडू, माती, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का?" मी गारच पडले. मग त्यांनी पाळीचं विचारलं. सात-आठ दिवस जाते, पहिले तीन दिवस दोन-दोन तासांनी कपडा बदलावा लागतो, हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा. मला वाटे, सगळ्याच बायकांचं असंच असतं.

शेजारच्या वहिनींनी सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या 'पॅकेज'चा कागद दिला होता, तो मी पुढे केला. बाई हसल्या. म्हणाल्या, "एवढ्या तपासण्यांत काहीतरी जरासं मागंपुढं निघणारच, आणि तुमची झोप उगाच उडेल." त्यांनी मोजक्याच लिहून दिल्या : हिमोग्राम, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२ आणि साखर. फेरिटिन तेवढं बाहेरून करावं लागलं.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.१. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. लाल पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही ८० च्या वर हवा, तो ६६. फेरिटिन अवघं ५. थायरॉइड, बी-१२, साखर ठीक.

फेरिटिन म्हणजे काय ते मला असं समजलं. हिमोग्लोबिन म्हणजे हातातल्या पाकिटातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे आपण डाळीच्या डब्यात लपवून ठेवतो ते. अडीअडचणीला आधी डबा रिकामा होतो, पाकीट नंतर. म्हणून हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही एखादीला थकवा असू शकतो. मात्र ताप किंवा अंगात कुठे सूज असेल तर फेरिटिन वाढून येतं आणि फसवतं, तेव्हा तापात ही तपासणी करू नये.

सगळीच पांढरी बाई लोहानं बरी होत नाही, हेही कळलं. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आल्या, तिथल्या गिरण्यांतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय तपासायला. त्या बायकांच्या लाल पेशी माझ्यासारख्या लहान नव्हत्या, उलट मोठ्या होत्या. त्या यीस्टच्या अर्कानं बऱ्या झाल्या, हे विल्सबाईंनी १९३१ साली छापलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक ॲसिड, हे पुढे उलगडलं. अजूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे माझ्या गल्लीत मी एकटी नव्हते.

सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ निघाली. साधी आहे, रक्तस्राव कमी करायच्या गोळ्यांवर भागेल म्हणाल्या. रिपोर्ट मी ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाले, "आधी बोलायचं नाही का?" बोलायचं होतं, पण कशी बोलणार होते?

लोहाच्या गोळ्यांनी सुरुवातीला मळमळलं, शौचाला काळं झालं. ते होतंच, घाबरू नये. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायची, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून लांब. सगळ्यात जड गेलं ते चहाचं. जेवण झाल्याझाल्या कपभर चहा लागायचा मला, आणि तोच लोह अंगी लागू देत नव्हता. आता तासाभरानं घेते.

मधल्या काळात सासूबाईंचंही निघालं. साखरेसाठी कितीतरी वर्षं त्या मेटफॉर्मिन घेतात, शिवाय शुद्ध शाकाहारी. पायांना मुंग्या येतात, सारखं पडून राहावंसं वाटतं, ते साखरेचंच असेल असं सगळे धरून चाललो होतो. त्यांचं बी-१२ तपासलं तर फारच कमी. ती गोळी बरीच वर्षं घेतली की बी-१२ उतरू शकतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर एक दिवस त्या आपण होऊन म्हणाल्या, "मीपण बसले की बसतच होते की गं."

माझं हिमोग्लोबिन दोन महिन्यांनी ११.२ झालं. ते भरलं तरी डबा भरायला आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या आहेत. परवा पाच किलो तांदूळ निवडले. एकही दाणा तोंडात टाकला नाही, हे पिंप भरून झाकण लावल्यावर लक्षात आलं.