गाडीवर की गाडीत

लखनौमधल्या एका वस्तीचं नाव महानगर आहे, हे लहानपणी मला ठाऊक नव्हतं. मावशीच्या पत्राच्या पाठीवर ‘महानगर, लखनौ’ असा पत्ता असायचा आणि मला वाटायचं, मावशीला आपल्या शहराचा भलताच अभिमान दिसतो! प्रत्यक्षात गेलो तेव्हा निशातगंजच्या पलीकडे, गोल मार्केटच्या आसपास, पेरूच्या झाडांची आणि बैठ्या घरांची एक सुस्त वस्ती निघाली. आता तिथेही मजले चढलेत. मावशीच्या अंगणातला पेरू मात्र अजून उभा आहे, आणि त्याच्याखाली दोन गाड्या.

‘गाडी’ हा शब्द इथे जरा जपून वापरायला हवा. पुण्यात ‘गाडी काढ’ म्हटलं की दुचाकीच निघते. मुंबईकराची गाडी बहुतेक वेळा रुळांवरून धावते आणि ती आठ-बाराची असते. मावशी सदाशिव पेठेतून लग्न होऊन लखनौला गेली, तिला तिथे पन्नास वर्षं झाली. मराठीत हिंदी इतकं मुरलं की ती ‘तो चालला गेला’ म्हणते. पण गाडी म्हणजे दुचाकी हे पुणेरी व्याकरण तिने सोडलेलं नाही. मोटार असली तर ती सांगून टाकते, ‘मोठी गाडी’.

पेरूखालची छोटी गाडी म्हणजे मावसभावाची, म्हणजे दादाची, यामाहा आरएक्स 100. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 11 अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या घरात. ही गाडी भारतात 1985 साली आली आणि 1996 साली बंद झाली. तिच्यासाठी हळहळणारी माणसं अजून बंद व्हायची आहेत. मोठी गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, 2017 सालची. 230 अश्वशक्ती, किंमत तेव्हा पंचवीस लाखांच्या आसपास. दादाने निवृत्तीच्या आधीच निवृत्तीचे पैसे खर्च केले, असं मावशी म्हणते.

गेल्या जानेवारीत दादाने चहा पिता पिता विचारलं, “खरं सांग, मजा कशात जास्त?”

पुण्याच्या माणसाला हे विचारायचं नसतं. पण मी म्हटलं, एकच रस्ता दोन्हींनी करू, मग बोलू. महानगरहून निघायचं, रिंग रोड ओलांडून कुकरैलच्या जंगलात जायचं आणि परत यायचं. कुकरैलला सुसरींचं संगोपन केंद्र आहे. तिथल्या सुसरी जानेवारीत उन्हाला पडून असतात आणि कोण कशावरून आलं याची त्यांना फिकीर नसते.

आधी ऑक्टाव्हिया. तिच्यावर अन्याय करायचा नाही म्हणून सांगतो, ती फार सुरेख गाडी आहे. जंगलाच्या कडेचा रस्ता मोकळा मिळाला तसा दादाने पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग टर्बोने मागून अशी ढकल दिली की चहा घशापर्यंत आला. ब्रेक लावले तर गाडी जमिनीला चिकटून बसली. वळणावर सीटच्या दोन्ही कडांनी मला धरून ठेवलं, कारण मी डावीकडे चाललो होतो आणि गाडी उजवीकडे. दादा हसत होता. पन्नाशीला टेकलेला माणूस असा हसताना पाहिला की पंचवीस लाख जास्त वाटत नाहीत. हे सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद चाललं. पुढे गतिरोधक, एक म्हैस, शाळेची बस.

मग आरएक्स. दोन किकमध्ये सुरू झाली, निळसर धूर सोडला आणि जळक्या ऑइलचा तो वास आला, जो माझ्या पिढीला अत्तराच्या दुकानातही आठवतो. गोल मार्केटपाशी कचोरीच्या कढईचा वास लागला, नंतर भाजत्या शेंगदाण्यांचा, नंतर कुणीतरी पेटवलेल्या ओल्या पालापाचोळ्याचा. ऑक्टाव्हियाच्या पडद्यावर बाहेर 9 अंश असल्याचं लिहून आलं होतं. आरएक्सवर ते गुडघ्यांनी सांगितलं. कुकरैल नाल्याच्या सखल भागात हवा अचानक आणखी गार झाली, चढावर थोडी ऊब आली. हा फरक मोटारीत बसून गेलो तेव्हा रस्त्यात नव्हताच जणू.

आणि मग वळण. मोटारसायकल वळवण्याची रीत मोठी गमतीची आहे. वेगात असताना उजवीकडे जायचं तर हँडलची उजवी मूठ पुढे रेटायची. चाक निमिषभर डावीकडे फिरतं आणि गाडी उजवीकडे कलते. प्रत्येक चालवणारा हे करतो, पण विचारलं तर सहसा शपथेवर नाही म्हणेल. एकदा कललात की तुम्हाला कोणी बाहेर फेकत नाही. तुमचं वजन आणि वळणाचा ओढा यांची बेरीज सरळ सीटमधून खाली उतरते. मांडीवर चहाचा पेला ठेवला तरी, निदान हिशेबाप्रमाणे, तो सांडू नये. मोटारीत तोच पेला खिडकीवर आपटेल, कारण मोटार कलत नाही. तिथे वळण तुमच्यावर येतं. मोटारसायकलवर वळण तुम्ही घेता.

परतताना सुचलं की मराठीने याचा निकाल केव्हाच लावून ठेवला आहे. आपण गाडी‘वर’ बसतो आणि गाडी‘त’ बसतो. घोड्यावर, झाडावर, खांद्यावर; आणि घरात, खोलीत, कचेरीत. एका प्रत्ययाचा फरक. ऑक्टाव्हिया ही वेगाने पळणारी उत्तम खोली आहे.

दादाला हे पटलं नाही. तो आकड्यांचा माणूस. म्हणाला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जा आणि घड्याळ बघ. खरं आहे. 2011 ते 2013 तिथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या, आणि 2011 साली त्याने शर्यतीतली एक फेरी 1 मिनिट 27 सेकंदांत घातली. सप्टेंबर 2023 मध्ये मोटोजीपी आली, तेव्हा ट्रॅकमध्ये थोडे फेरफार होते, पण सर्वांत वेगवान मोटारसायकललाही फेरीला 1 मिनिट 44 सेकंदांच्या आसपास लागले. चार रुंद टायर आणि गाडीला खाली दाबून धरणारी हवा, यांच्यापुढे तळहाताएवढ्या रबरावर टेकलेल्या दोन चाकांचं काय चालणार? पण त्याच शर्यतीचं दुसरं चित्र मला जास्त आठवतं. उकाड्यामुळे तिच्या फेऱ्या 24 वरून 21 वर आणाव्या लागल्या. मार्को बेझेक्की जिंकला आणि दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपल्यावर उष्म्याने कोसळला. ‘वर’ बसणाऱ्याला उत्तर प्रदेशचं ऊनही अंगावर घ्यावं लागतं.

आकड्यांचंच म्हणाल तर मीही एक मांडला. ऑक्टाव्हिया चौदाशे किलोंच्या आसपास, त्यात सत्तर किलोंचा दादा. म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला साडेसहा किलोंच्या आतबाहेर. आमच्या चाकणला बनणारी केटीएम ड्यूक 390 ही 2013 साली आली ती 43 अश्वशक्तीची, वजन दीडशे-एकशेसाठ किलो, किंमत 1 लाख 80 हजार. तिच्यावर दादाला बसवला तरी घोड्याला साडेपाच किलोंपेक्षा जास्त ओढावं लागत नाही. आरएक्सच्या घोड्यांना मात्र पंधरा-पंधरा किलो ओढावे लागतात, बिचाऱ्यांना. तरी सकाळी दात आरएक्सवर जास्त दिसले होते, थंडीने वाजत होते हे धरूनही. तेव्हा आकडे बाजूला ठेवलेले बरे.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, असते तर म्हणाले असते, “दोघेही वेडे आहात.” ते रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेत इंजिनिअर होते. महानगर ते मानकनगर रोज विजय सुपर स्कूटरने जात. स्कूटर लखनौचीच. 1972 साली सरकारने स्कूटर्स इंडिया ही कंपनी काढली, इटलीतल्या इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री आणून कानपूर रस्त्यावर सरोजिनीनगरला कारखाना उभारला. स्कूटर बनवणं 1997 साली थांबलं, मग तिथून विक्रम तीनचाकी निघत राहिल्या, आणि 2021 साली केंद्राने कारखाना बंद करायला मंजुरी दिली. काका स्कूटर सुरू करण्याआधी तिला डावीकडे झुकवत, जणू कानात काही सांगत. त्यात मजा होती का, हे त्यांना कधी विचारलं नाही. पण रविवारी ऑफिस नसतानाही ते तिच्यावरून हजरतगंजला एक चक्कर टाकून येत, भाजी घरापाशी मिळत असूनही.

मावशीचा मुद्दा वेगळा. “वरचा माणूस पडतो रे, आतला नुसता आपटतो.” तिला हे म्हणायचा हक्क आहे. बाविसाव्या वर्षी याच आरएक्सवरून पहिल्या पावसात रेल्वे फाटक ओलांडताना मी रूळ तिरका घेतला, चाक सटकलं आणि खांद्याचं हाड मोडून तीन आठवडे तिच्या घरी पडून होतो. ओला रूळ काटकोनात ओलांडावा हे मला ठाऊक होतं, घाई होती. सरकारी आकड्यांप्रमाणे 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली, आणि त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. प्रत्यय बदलला की हेही बदलतं. मावशीपुढे यावर मी काही बोललो नाही, तुमच्यापुढेही बोलत नाही. हेल्मेटचा पट्टा तेवढा लावा; नुसतं डोक्यावर ठेवू नका.

मजेचं मत विचाराल तर ते गाडी‘वर’. परतीच्या दिवशी मात्र चारबाग स्टेशनला गाडी‘त’ बसून गेलो. बॅग होती, आणि मावशीने दिलेले रेवडीचे चार डबे होते.